शेतकरी उत्पादक कंपनीत अंतर्गत लेखापरीक्षकाच्या सल्ल्याचे महत्त्व

पेरणीपूर्वी बियाण्याला बीजप्रक्रिया करणे आणि रोग पसरल्यावर फवारणी करणे, या दोन्हींच्या खर्चातील फरक आपणास चांगला ठाऊक आहे. संस्थेच्या कारभाराचेही तसेच असते. वर्ष संपल्यावर उघडकीस आलेला तोटा भरून काढणे फार कठीण जाते. तोच तोटा होण्याचा संभव हंगामापूर्वी कोणी दाखवून दिला, तर तो टाळता येतो. असे वेळेवर दाखवून देण्याचे काम अंतर्गत लेखापरीक्षक करू शकतो. परंतु अनेक ठिकाणी त्याचा अहवाल कायद्याची पूर्तता म्हणून घेतला जातो आणि कपाटात ठेवला जातो. त्यासाठी संस्था पैसे मोजते, पण सल्ला मात्र घेत नाही.

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२० मध्ये देशात १०,००० शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना सुरू केली. त्यानंतर आपल्या राज्यातही अशा अनेक कंपन्या स्थापन झाल्या. या कंपन्यांत सभासदांचे भागभांडवल, त्यांचा माल आणि त्यांचा विश्वास असे तिन्ही गुंतलेले असते. कंपनी बुडाली तर पैसा जातोच, शिवाय पुन्हा एकत्र येण्याची उमेदही जाते. म्हणून अंतर्गत लेखापरीक्षकाचा उपयोग करून कसा घ्यावा, हे प्रत्येक संचालकाने आणि सभासदाने समजून घेणे आवश्यक आहे.

तीन व्यक्ती, तीन कामे

लेखापरीक्षण म्हटले की आपल्यापुढे सहकारी सोसायटीचे ऑडिट, त्यात मिळणारा अ, ब, क किंवा ड वर्ग आणि त्यानंतर पाठवावयाचा दोष दुरुस्ती अहवाल या गोष्टी येतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ नुसार हे लेखापरीक्षण होते आणि कलम ८२ नुसार दोषांची दुरुस्ती करावयाची असते. हे सर्व वर्ष संपल्यानंतरचे काम आहे. कंपनीच्या बाबतीत मात्र पुढील तीन व्यक्तींची कामे वेगवेगळी आहेत, हे लक्षात घ्यावे.

१) हिशेबनीस : हा कंपनीचा नोकर असतो. रोजकीर्द, खतावणी, मालसाठ्याची नोंदवही लिहिणे हे त्याचे काम.

२) अंतर्गत लेखापरीक्षक : हा वर्षभरात ठरावीक अंतराने येऊन व्यवहार, नोंदी आणि कामाची पद्धत तपासतो. दोष कोठे आहे, तो का निर्माण झाला आणि पुढे काय करावे, हे तो संचालक मंडळाला सांगतो.

३) वैधानिक लेखापरीक्षक : हा वर्षअखेरीस ताळेबंद व नफा-तोटा पत्रक तपासून सभासदांना आपले मत देतो.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४४ नुसार वैधानिक लेखापरीक्षकाला त्याच कंपनीचे अंतर्गत लेखापरीक्षण करता येत नाही, तसेच तिचे हिशेबही लिहिता येत नाहीत. खर्च वाचावा म्हणून एकाच व्यक्तीकडे सर्व कामे सोपवण्याचा मोह टाळावा. स्वतः लिहिलेला हिशेब स्वतःच तपासला, तर त्यातील चूक सापडत नाही.

कायद्यातील तरतूद

डॉ. योगिंदर अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनी हा प्रकार अस्तित्वात आला. २०२० च्या दुरुस्तीने या तरतुदी २०१३ च्या कायद्यातील प्रकरण २१-ए मध्ये आल्या. त्यातील कलम ३७८ झेड-एफ नुसार प्रत्येक उत्पादक कंपनीने आपल्या हिशेबाचे अंतर्गत लेखापरीक्षण सनदी लेखापालाकडून, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंटकडून, करून घेणे बंधनकारक आहे. इतर कंपन्यांपैकी ठरावीक वर्गातील कंपन्यांनाच ही सक्ती आहे. उत्पादक कंपनीला मात्र उलाढाल कितीही लहान असली तरी यातून सूट नाही.

हे लेखापरीक्षण किती दिवसांनी व कशा रीतीने व्हावे, हे कंपनीच्या नियमावलीत ठरवावयाचे असते. येथेच संचालकांच्या हातात मोठी संधी आहे. नियमावलीत 'वर्षातून एकदा' असे असेल तर ते दुसरे वार्षिक ऑडिटच होऊन बसते. 'दर तिमाहीस' असे असेल तर हंगाम चालू असतानाच चूक लक्षात येते. आपल्या नियमावलीत काय लिहिले आहे, हे प्रथम पाहावे.

तपासणीबरोबर सल्ला

इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल ऑडिटर्स ही संस्था १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. या संस्थेने १९९९ साली केलेल्या व्याख्येत अंतर्गत लेखापरीक्षकाची दोन कामे मानली आहेत. पहिले, व्यवहार ठीक चालले आहेत की नाही याची खात्री देणे. दुसरे, कारभार सुधारण्यासाठी सल्ला देणे. म्हणजे सल्ला मागितल्याने आपण त्याच्यावर वेगळे उपकाराचे ओझे टाकत नाही. तो त्याच्या कामाचाच भाग आहे. मात्र कोणत्या विषयावर सल्ला हवा, त्यासाठी किती दिवस लागतील आणि किती फी द्यावी लागेल, हे नेमणुकीच्या पत्रातच स्पष्ट करून घ्यावे.

असा सल्ला प्रत्यक्षात कसा उपयोगी पडतो, हे पुढील चार उदाहरणांवरून लक्षात येईल. यातील भाव व आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. आपल्या कंपनीचे आकडे घालून आपणही असा हिशेब करून पाहावा.

उदाहरण १ : सोयाबीनमधील घट

समजा, कंपनीने सभासदांकडून १,००० क्विंटल सोयाबीन १४ टक्के ओलाव्याने खरेदी केले आणि वाळवून १२ टक्के ओलाव्याने विकले. १०० क्विंटल मालात १४ क्विंटल पाणी व ८६ क्विंटल कोरडा भाग असतो. ओलावा १२ टक्के झाल्यावर हाच ८६ क्विंटल कोरडा भाग एकूण वजनाच्या ८८ टक्के होतो. म्हणून माल ९७.७३ क्विंटल भरतो आणि १०० क्विंटलमागे २.२७ क्विंटल घट येते. १,००० क्विंटलमागे ही घट सुमारे २२.७ क्विंटल होते. भाव क्विंटलला ४,५०० रुपये धरला तर ही रक्कम सुमारे १ लाख २ हजार रुपये होते.

आता गोदामात प्रत्यक्ष ४० क्विंटल माल कमी निघाला असे समजा. केवळ वह्या तपासणारा मनुष्य '४० क्विंटल तूट' एवढेच लिहील आणि गोदामपालावर संशय येईल. विचारपूर्वक काम करणारा लेखापरीक्षक सांगेल की, यातील २२.७ क्विंटल ओलाव्याची घट आहे, उरलेल्या १७.३ क्विंटलचा शोध घ्यावा. ती तूट काडीकचऱ्याची आहे, काट्याच्या दोषामुळे आहे की माल परस्पर गेला आहे, हे पाहावे लागेल. यामुळे प्रामाणिक माणसावर आळ येत नाही आणि खरी गळतीही झाकली जात नाही.

त्याचा पुढील सल्ला असा असू शकतो : प्रत्येक वजनपावतीवर ओलाव्याचे प्रमाण लिहावे आणि ओलाव्याप्रमाणे भावाचा तक्ता खरेदी केंद्रावर लावावा. १२ टक्क्यांच्या मालाचा भाव ४,५०० रुपये असेल, तर केवळ कोरड्या भागाच्या हिशेबाने १४ टक्क्यांच्या मालाचा भाव सुमारे ४,३९८ रुपये पडतो. वाळवणीचा खर्च वेगळा. असा तक्ता समोर असला की सभासदालाही आपला भाव का कमी झाला ते कळते आणि माल वाळवून आणणाऱ्याला त्याचे मोल मिळते.

उदाहरण २ : गोदामात माल जास्त निघाला

माल कमी निघाला की आपण चौकशी करतो, जास्त निघाला की समाधान मानतो. हे योग्य नव्हे. समजा, वजन करताना प्रत्येक पोत्यामागे बारदानापोटी १ किलो वजा केले जाते, पण रिकामे पोते प्रत्यक्षात ६०० ग्रॅमचे आहे. प्रत्येक पोत्यामागे सभासदाचे ४०० ग्रॅम धान्य कंपनीकडे जास्त आले. १,००० पोत्यांमागे ते ४ क्विंटल होते. ४,५०० रुपये भावाने हे १८,००० रुपये सभासदांचे आहेत.

अंतर्गत लेखापरीक्षकाने अशी वाढ दाखवून रिकाम्या पोत्यांचे नमुना वजन घेऊन तेवढेच वजा करण्याचा सल्ला दिला, तर तो कंपनीच्या हिताचाच आहे. सभासदाचा काट्यावरचा विश्वास उडाला की तो पुढच्या हंगामात माल घेऊन व्यापाऱ्याकडे जातो. शिवाय अशा नोंद नसलेल्या जादा मालावर कोणाचीही नजर जाण्याचा धोका असतो.

उदाहरण ३ : निविष्ठांची उधारी

खते, बियाणे व औषधे यांचे दुकान बहुतेक कंपन्या चालवतात. समजा, १ लाख रुपयांचे खत ४ टक्के नफ्यावर सहा महिन्यांच्या उधारीने दिले. नफा ४,००० रुपये झाला. कंपनीने त्यासाठी दर साल १२ टक्के व्याजाने कर्ज घेतले असेल, तर सहा महिन्यांचे व्याज ६,००० रुपये होते. म्हणजे सर्व उधारी वेळेवर वसूल होऊनही २,००० रुपये तोटाच झाला. विक्रीचा आकडा मोठा दिसतो, पण कंपनी आतून पोखरली जाते.

हंगामापूर्वी विचारले असते, तर लेखापरीक्षकाने हा हिशेब मांडून उधारीची मुदत, प्रत्येक सभासदाची मर्यादा आणि मालाच्या पैशातून वसुली करण्याची संमती आधीच लेखी घेण्याचा सल्ला दिला असता. संचालकांच्या नावावरील उधारी वेगळी दाखवावी, असेही तो सांगेल. दुकानात आधी आलेला माल आधी विकावा, औषधांच्या मुदतीची तारीख साठा नोंदवहीत लिहावी व मुदत संपलेली औषधे विक्रीच्या मालापासून वेगळी ठेवावीत, याही बाबी त्याच्या तपासणीत याव्यात.

उदाहरण ४ : यंत्राची खरेदी

अनुदान मिळते म्हणून चाळणी व प्रतवारीचे यंत्र घेण्याचे ठरते. यंत्राची क्षमता तासाला २ टन असेल, तर ८ तासांत १६ टन, म्हणजे १६० क्विंटल माल निघेल. कंपनीकडे वर्षाला ३,००० क्विंटलच माल येत असेल, तर यंत्र सुमारे १९ दिवस चालेल. उरलेले वर्ष ते काय करणार? इतर शेतकऱ्यांचा माल भाड्याने करून देणार का? त्यासाठी चालक, वीज आणि जागा आहे का? अनुदानाचा हप्ता उशिरा आला तर कर्जाचा हप्ता कशातून भरणार?

हे प्रश्न खरेदीचा ठराव होण्यापूर्वी लेखापरीक्षकाने विचारावेत आणि संचालकांनी त्यांची उत्तरे शोधावीत. दरपत्रके कशी मागवावीत, पैसे टप्प्याटप्प्याने कसे द्यावेत, यंत्र चालवून पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता का देऊ नये, हेही तो सांगू शकतो. मात्र कोणत्या दुकानातून यंत्र घ्यावे आणि घ्यावे की नाही, हे त्याने ठरवावयाचे नाही.

सल्ल्याची मर्यादा कोठे संपते?

वरील शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. लेखापरीक्षक हुशार आणि विश्वासू असला की संचालक हळूहळू सर्वच गोष्टी त्याच्यावर सोपवू लागतात. तो व्यापारी निवडतो, बिले मंजूर करतो, हिशेबनीस गैरहजर असेल तर नोंदीही करतो. वरकरणी ही सोय वाटते. पण पुढच्या तिमाहीत याच व्यवहारांची तपासणी त्याला करावयाची असते. आपणच निवडलेल्या व्यापाऱ्याचा दोष तो कसा दाखवील? अशा वेळी कंपनीला सल्लागार उरत नाही आणि तपासनीसही उरत नाही.

त्याने पुढील कामे करावीत : जोखीम समजावून सांगणे, नोंदीचे नमुने सुचवणे, कर्मचाऱ्यांना शिकवणे, करारातील उणिवा दाखवणे, इतर पर्यायांचा हिशेब मांडणे.

त्याने पुढील कामे करू नयेत : धनादेशावर सही करणे, खरेदी मंजूर करणे, व्यापारी किंवा कर्मचारी निवडणे, हिशेब लिहिणे, गोदामाच्या किल्ल्या सांभाळणे.

लेखापरीक्षकाने पूर्वी स्वतः एखादे काम सांभाळले असेल, तर त्या कामाची तपासणी किमान बारा महिने त्याने करू नये, असा या व्यवसायातील आंतरराष्ट्रीय संकेत आहे. अशा कामाची तपासणी त्या काळात दुसऱ्याकडून करून घ्यावी. थोडक्यात, सल्ला त्याचा, निर्णय संचालक मंडळाचा आणि अंमलबजावणी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची, ही विभागणी कायम ठेवावी.

सल्ला घेण्याची योग्य पद्धत

१) हंगामानुसार भेटी ठरवाव्यात. सोयाबीन खरेदी करणाऱ्या कंपनीने सप्टेंबरमध्ये एक भेट ठेवावी. त्यात काटा, ओलावामापक, पावतीपुस्तके व रोख रकमेची व्यवस्था पाहून घ्यावी. दुसरी भेट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, खरेदी चालू असताना, अचानक असावी. तिसरी जानेवारीत विक्री व उधारीसाठी आणि चौथी मार्चअखेरीस साठा मोजणीच्या वेळी असावी. अन्य पिकांच्या कंपन्यांनी आपल्या हंगामाप्रमाणे बदल करावा.

२) लेखापरीक्षकाला कार्यालयात बसवून ठेवू नये. त्याला खरेदी केंद्रावर, गोदामात व दुकानात न्यावे. शहरातील सनदी लेखापालास वाळवणीची घट किंवा बारदानाचा हिशेब माहीत असेलच असे नाही. तो आपण त्याला दाखवला तर त्याचा सल्लाही आपल्या कामाचा होतो.

३) अहवाल थेट संचालक मंडळाकडे यावा. तो केवळ मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यामार्फत आला, तर त्याच्याच कामातील उणिवा सौम्य होण्याचा संभव असतो. वर्षातून एकदा तरी संचालकांनी लेखापरीक्षकाशी व्यवस्थापकाच्या अनुपस्थितीत बोलावे. त्याचप्रमाणे व्यवस्थापकाचे म्हणणेही ऐकून घ्यावे.

४) तोंडी सल्ल्यावर विसंबू नये. एक सल्ला नोंदवही ठेवावी. तीत तारीख, सल्ला, मंडळाचा निर्णय, जबाबदार व्यक्ती, मुदत आणि पूर्तता असे सहा रकाने आखावेत. सल्ला अमान्य करण्याचा अधिकार मंडळाला आहेच, पण त्याचे कारण इतिवृत्तात लिहावे. कायद्याने मंडळाची सभा दर तीन महिन्यांत किमान एकदा घ्यावी लागते. प्रत्येक सभेत ही नोंदवही वाचावी.

५) दोष दाखवला म्हणून लेखापरीक्षक बदलू नये. माती परीक्षणात सामू जास्त निघाला म्हणून आपण प्रयोगशाळेवर रागावत नाही, जमिनीचा उपाय करतो. येथेही तेच धोरण ठेवावे.

सभासदांनी काय करावे?

उत्पादक कंपनीत वैयक्तिक सभासदाला त्याचे भाग कितीही असले तरी एकच मत असते. या मताचा उपयोग वार्षिक सर्वसाधारण सभेत करावा. सभेची सूचना किमान १४ दिवस आधी मिळते व तिच्यासोबत लेखापरीक्षित ताळेबंद येतो. तो वाचून यावे आणि पुढील प्रश्न विचारावेत :

अ) अंतर्गत लेखापरीक्षण या वर्षी किती वेळा झाले?
आ) त्यात कोणते मुख्य सल्ले मिळाले, त्यांपैकी किती अमलात आले?
इ) जे अमलात आले नाहीत त्यांची कारणे काय?
ई) संचालकांना दिलेली कर्जे व बुडीत येणे किती आहे?

शेवटच्या प्रश्नाची माहिती वैधानिक लेखापरीक्षकाने आपल्या अहवालात देणे कायद्याने अपेक्षित आहे. म्हणून ती मागण्यात संकोच बाळगू नये. प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. प्रामाणिक संचालकाला अशा प्रश्नांमुळे बळच मिळते.

लहान संस्था व बचत गटांसाठी

ज्या गटांना किंवा लहान सोसायट्यांना स्वतंत्र अंतर्गत लेखापरीक्षक नेमणे परवडत नाही व ज्यांच्यावर तशी सक्तीही नाही, त्यांनी निदान एवढे करावे. कार्यकारी समितीत नसलेले दोन सभासद सहा महिन्यांसाठी निवडावेत. त्यांनी दरमहा एकदा रोख शिल्लक मोजावी, बँकेचे पुस्तक वहीशी ताडून पाहावे, साठ्यातील पाच वस्तू मोजाव्यात आणि आढळलेली बाब व आपली सूचना एका वहीत लिहावी. सहा महिन्यांनी जोडी बदलावी. यामुळे कारभार तर सुधारतोच, शिवाय पुढील समितीसाठी जाणती माणसे तयार होतात. उत्पादक कंपनीने मात्र हा उपाय सनदी लेखापालाऐवजी करू नये, त्याच्या जोडीला करावा.

लक्षात ठेवण्याच्या बाबी

• खरेदी, उधारी, कर्ज व यंत्रसामग्री यांविषयी ठराव होण्यापूर्वी अंतर्गत लेखापरीक्षकाचा सल्ला घ्यावा.
• तूट आणि वाढ या दोन्हींचे कारण शोधावे.
• सल्ला लेखी घ्यावा, निर्णय स्वतः घ्यावा, पूर्ततेची मुदत ठरवावी.
• जो तपासतो त्याच्या हाती किल्ल्या, धनादेश किंवा हिशेबाची वही देऊ नये.
• वार्षिक सभेत सल्ल्याच्या पूर्ततेची माहिती मागावी.

येत्या हंगामाची खरेदी सुरू होण्यापूर्वी आपल्या कंपनीची नियमावली आणि गेल्या वर्षीचा अंतर्गत लेखापरीक्षण अहवाल काढून संचालक मंडळापुढे वाचावा. त्यातील अपुऱ्या राहिलेल्या सल्ल्यांची यादी करून पहिली भेट निश्चित करावी. काट्यावर पहिले पोते चढण्याआधी हे काम झाले, तर वर्षअखेरीचा ताळेबंद वाचताना सभासदांना आणि संचालकांना धक्का बसण्याची वेळ येणार नाही.